पाठीवरची गोणी आणि तुझा पट्टा

ऐरोली, नवी मुंबई

अनेक आशीर्वाद.

पाठीचा वाक मोजणाऱ्या पट्ट्याचा तुझा आराखडा सावकाश वाचला. खांद्यावर दाब मोजणारे सेन्सर, कंबरेला पट्टा, जास्त वाकलं की वाजणारा बझर, आणि हे सगळं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या माथाडींसाठी. शाळेच्या दप्तराचं ओझं मोजायचा आधीचा विषय सोडलास ते बरं केलंस. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये हे सरकारने कधीच सांगून ठेवलंय, आणि ते तपासायला घरचा वजनकाटा पुरतो. (आणि मॅडम काय? ताई म्हण.)

आधी तो बझर काढून टाक. माणूस 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढतोय आणि कंबरेशी काहीतरी कोकलायला लागलं, तर त्याने करायचं काय? पाठीवर ओझं आलं की धड पुढे झुकणारच. नाही झुकलं तर तोल मागे जाईल. म्हणजे तुझं यंत्र त्याच्यावर नेमकं तेव्हा ओरडणार जेव्हा तो बरोबर चालतोय, आणि तेही पाय घसरायच्या जागी.

दुसरं, वजन मोजूच नकोस. ते काट्यावर आधीच झालेलं असतं, मापाड्याला विचार. पातळ एफएसआर, म्हणजे दाब मोजणाऱ्या चकत्या, स्वस्त मिळतात म्हणून सगळ्यांनाच मोह होतो, पण गोलसर खांद्यावर, घामात, त्यांचं वाचन सरकत राहतं. त्याच वजनाला दाब वाढताना एक आकडा देतात, कमी होताना दुसरा. वजनकाट्यात असतो तो लोडसेल अचूक खरा, पण तो अंगावर बसवणार कुठे?

आपल्याला माहीत नाही ते वेगळंच आहे: कुठल्या कामात पाठ किती अंशांनी वाकते, आणि दिवसात किती वेळा. त्याला हालचाल आणि कोन टिपणाऱ्या एमपीयू-6050 सारख्या दोन चिपा आणि त्यांची वाचनं घेणारा ईएसपी32 चा छोटा बोर्ड बास. चिप पाठीवर लावू नकोस, गोणी तिथेच आदळते. एक छातीच्या हाडावर, दुसरी कंबरेच्या पट्ट्यात पुढच्या बाजूला. दोन्हींच्या कोनांतला फरक म्हणजे पाठीचा वाक. बॅटरीही पुढेच, कडक डबीत. लिथियमची बॅटरी दाबली-चेपली जाणं परवडणार नाही. चिपेतला नुसता ॲक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा) चालताना बसणाऱ्या धक्क्यांनी फसतो आणि जायरोचा (फिरण्याचा वेग मोजणाऱ्याचा) कोन हळूहळू वाहवत जातो, म्हणून दोघांना काँप्लिमेंटरी फिल्टरने, म्हणजे दोघांचा मेळ घालणाऱ्या गणिताने, जोड. सेकंदाला 50 वाचनं भरपूर झाली. ब्लूटूथच्या नादी लागू नकोस. ओलं अंग आणि गोण्यांच्या थप्प्या यांत सिग्नल गळतो. मेमरी कार्डावर लिही, काम संपलं की उतरवून घे.

तपासणी घरीच कर. कंपासपेटीतला कोनमापक ट्रंकेच्या झाकणाच्या आडव्या बिजागरीशी चिकटव, चिप झाकणावर लाव, आणि 0, 30, 60, 90 अंशांना काय आकडा येतो ते वहीत लिही. मग पट्टा स्वतःच्या अंगावर चढव, काढ, पुन्हा चढव. दर वेळी तो बोटभर इकडेतिकडे बसतो आणि कोन बदलतो, म्हणून सुरुवातीला काही सेकंद ताठ उभं राहून शून्य ठरवण्याची सोय ठेव. हे झाल्याशिवाय मार्केटात पाऊल टाकायचं नाही.

आराखड्यात तू नायॉशच्या (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) सूत्राने लाल-हिरवा दिवा लावलायस. ते 1991 चं सूत्र म्हणतं, सगळं अनुकूल असेल तर उचलायला 23 किलोपर्यंत ठीक. इथे गोणीच 50 ची, म्हणजे दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाल. त्यातून कुणाला काय कळणार? शिवाय ते सूत्र दोन हातांनी उचलण्याचं आहे, पाठीवरून वाहण्याचं नाही. त्यातली कारणं मात्र उचल. हात अंगापासून 25 सेंटिमीटरवरून 50 वर गेले की मर्यादा निम्मी होते. 75 सेंटिमीटर उंचीऐवजी थेट जमिनीवरून उचललं की ती बावीसेक टक्क्यांनी घटते. म्हणजे खरा त्रास बहुधा चालण्यात नाही, थप्पीच्या तळाच्या थरात आहे, जिथे दोघं वाकून गोणी उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तुझ्या पट्ट्याने हेच दाखवायचं: तळाची गोणी आणि कंबरेच्या उंचीची गोणी, या दोन्हींत पाठ किती वेगळी वागते. फरक मोठा निघाला तर थप्पीखाली फळ्यांचा चौथरा टाका, असं गाळेवाल्याला आकडे दाखवून सांगता येईल. हमालाला "नीट वाक" सांगून काही होत नाही. तो काम नगावर करतो, आणि नीट वाकायला वेळ लागतो.

म्हणूनच परवानगीचं मनावर घे. कोण किती फेऱ्या मारतो हे तुझ्या कार्डावर आपोआप नोंदलं जाणार, आणि मजुरी गोणीवर ठरत असेल तिथे हा आकडा भलत्या हातात पडायला नको. आधी 1969 चा माथाडी कायदा वाच. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं, ते कशासाठी तेही समजून घे, मग मुकादमाला भेट. नावं लिहायची नाहीत, टोळीतला कोणीही कधीही पट्टा काढून देऊ शकतो, आणि निकाल पहिल्यांदा टोळीला दाखवायचा, गाळेवाल्याला नंतर.

इतक्यात सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला पळू नकोस. टोळीची हरकत नसेल तर आधी मोबाइलवर बाजूने चित्रण कर, चेहरे टाळून. एक ट्रक रिकामा होईपर्यंत बघ, आणि कुठल्या थराला किती वाकावं लागतं ते डोळ्यांनी अंदाजून तक्ता बनव. तो मला पाठव. बोर्ड माझ्या खणात दोन पडून आहेत, ऐरोलीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
ताई