पहिल्या भागात जग किती सांगायचं?

प्रश्न : आम्ही चौघे मिळून अॅनिमेशनची एक कल्पनारम्य मालिका लिहीत आहोत. तिच्या जगात प्रत्येकाला आपली सावली पायापासून सोडवून कामाला धाडता येते. नायिकेची सावली मात्र भित्री, ती सुटतच नाही. पुढे तिला असेच आणखी चार विजोड सोबती भेटतात. पहिल्या भागाच्या सुरुवातीला या जगाचा इतिहास सांगणारं दोन मिनिटांचं निवेदन आहे. ते वाचताना ऐकणारे कंटाळतात. काढलं तर जग कळेल का?

उत्तर : काढा. इतिहास कळला नाही म्हणून प्रेक्षक उठून जात नाही. कोणाची काळजी करायची हे कळलं नाही, तर मात्र जातो. पहिल्या तीन मिनिटांत एकच नियम पोचू द्या : इथे सावली सुटते, आणि जिची सुटत नाही तिला कमी लेखतात. तोही तीनदा दाखवून. सुतार करवत चालवतो आहे आणि त्याची सावली पलीकडून फळी धरून उभी आहे. मग मुलं सावल्यांची शर्यत लावतात. तिसऱ्या वेळी नायिकेची पाळी येते आणि तिची सावली टाचेला घट्ट धरून बसते. पहिल्या वेळी कुतूहल वाटतं, दुसऱ्या वेळी सवय होते, म्हणूनच तिसरी वेळ खटकते. जोड दिसल्याशिवाय विजोड दिसत नाही.

बहुतेक संहिता नेमकं उलट करतात. पहिल्याच दृश्यात पाचसहा मुलं नायिकेला चिडवतात, पण का चिडवतात हे प्रेक्षकाला अजून ठाऊकच नसतं. शिवाय दुष्टांनी हसण्यापेक्षा भल्या माणसाने हळूच वगळणं जास्त लागतं. पुढच्या शर्यतीची यादी वाचताना शिक्षिका तिचं नाव ओलांडून पुढे जातात आणि मायेने म्हणतात, ‘तू आज बघ हं नुसती.’ या एका वाक्यात निवेदनाच्या दोन मिनिटांपेक्षा जास्त जग आहे.

प्रश्न : भाग २२ मिनिटांचा आहे. पाचही जणांची ओळख पहिल्याच भागात उरकावी का?

उत्तर : हिशेब मांडून बघा. २२ मिनिटं म्हणजे १३२० सेकंद. शीर्षक आणि श्रेयनामावलीला मिळून एक मिनिट दिलं, तर २१ मिनिटं उरतात. प्रत्येकाला दीड मिनिट दिलंत तर साडेसात मिनिटं ओळखीतच जातील आणि कथा जागची हललेली नसेल. नायिका पूर्ण दाखवा, दुसरा एक जण तिच्या अडचणीत सापडू द्या, तिसरा शेवटच्या दृश्यात येऊ द्या. उरलेल्या दोघांना शर्यतीच्या गर्दीत नुसते दाखवून ठेवा.

तिचं वैगुण्य या भागात एकदा उपयोगी पडायला हवं, पण बरं व्हायला नको. गावाच्या सुटलेल्या सावल्या कोणीतरी पळवून नेतं आणि टाचेला चिकटलेली एकटी तिचीच उरते, असं काही करता येईल. मग संशयही तिच्यावरच येतो आणि दुसऱ्या भागाचं कारण तिथेच तयार होतं. सावली इथेच धीट झाली, तर पुढे सांगायला उरेल काय?

प्रश्न : आमचा चित्रकार म्हणतो, सुटलेल्या सावल्या परवडणार नाहीत. खरंच एवढा फरक पडतो?

उत्तर : पडतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकापाठोपाठ येणाऱ्या स्थिर प्रतिमा, धरून एक चित्र दोन फ्रेमना वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सतत हलणाऱ्या एका पात्राला मिनिटाला ७२० होतात. पायाला जोडलेली सावली पात्राचंच चित्र काळं करून, चपटं आणि तिरकं करून मिळते. सुटलेली सावली स्वतंत्रपणे हलते, तिची ७२० चित्रं वेगळी. अशी एक सावली एकूण तीन मिनिटं दिसली तर २१६०, दहा मिनिटं दिसली तर ७२००. म्हणून स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटवार काढलेल्या कच्च्या चित्रांच्या मालिकेवर, अशा प्रत्येक शॉटला खूण करा आणि सेकंदांची बेरीज ठेवा. मालक चौकटीबाहेर ठेवून नुसती सावली दाखवली की चित्रं निम्मी होतात, आणि दृश्य अनेकदा जास्त गूढ दिसतं.

सावलीला चेहरा नसतो, तेव्हा भीती खांद्यांतून, गुडघ्यांतून, बोटांतून दिसायला हवी. पाचही पात्रं पूर्ण काळी भरून शेजारी शेजारी ठेवा. नाव न वाचता ओळखू आली नाहीत, तर रंग देण्याआधीच आकार बदला. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधल्या सात बुटक्यांपैकी न बोलणाऱ्या एकालाच दाढी नाही. एवढ्या एका फरकाने तो घोळक्यातही पटकन सापडतो. आणखी एक गोष्ट राहून जाते : दोन दिव्यांमध्ये उभ्या माणसाच्या किती सावल्या, आणि त्यांतली सुटते कोणती? हे मॉडेल शीटवरच, म्हणजे पात्र कसं काढायचं ते ठरवून देणाऱ्या नमुना-पानावरच, लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक चित्रकार आपापलं ठरवेल.

प्रश्न : संहिता ३८ पानांची झाली आहे. किती छाटावी?

उत्तर : पानं मोजून कळणार नाही. ‘सगळ्या सावल्या पळून जातात’ ही ओळ दोन सेकंदांत वाचून होते, पडद्यावर तिला २५ सेकंद लागू शकतात. आधी आपल्याच आवाजात कच्चे संवाद रेकॉर्ड करा, स्टोरीबोर्डची चित्रं त्यावर वेळेनुसार बसवा, म्हणजेच अॅनिमॅटिक करा. जास्तीचं तिथेच कापा, कारण काढून झालेली चित्रं टाकणं म्हणजे श्रम टाकणं. कापताना दृश्याची सुरुवात आणि शेवट आधी तपासा. दार उघडणं, नमस्कार, निरोप हे बहुधा लागत नाही.

पक्के आवाज मात्र ओठ काढण्याआधीच घ्या. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ निदान दोन फ्रेम मिटलेले हवेत, नाहीतर पात्र भलतंच बोलतंय असं वाटतं. ओठांचा आकार आवाजाच्या एकदोन फ्रेम आधी आला तरी चालतो, उशिरा आला की लगेच खटकतो.

प्रश्न : शीर्षक नेमकं कुठे घ्यावं?

उत्तर : शर्यतीत तिची सावली टाच सोडत नाही, त्या शॉटनंतर लगेच. त्या शॉटमध्ये नायिकेचा चेहरा दाखवू नका, फक्त टाच आणि सावलीची घट्ट आवळलेली बोटं. संगीत शीर्षकाबरोबरच सुरू होऊ द्या.