दातांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे: इम्प्लांटची कॅप वारंवार ढिली का होते?

प्रश्न: माझे वय ५८ आहे. चार वर्षांपूर्वी खालच्या उजव्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतला. गेल्या वर्षभरात त्यावरची कॅप दोनदा ढिली झाली आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी स्क्रू घट्ट करून दिला. आता ती पुन्हा हलते आहे. माझा इम्प्लांट निकामी झाला आहे का? दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘जोड जुन्या पद्धतीचा, एक्स्टर्नल हेक्सचा आहे’ असे सांगितले. त्याचा अर्थ काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: हलते ती कॅप की हाडातला इम्प्लांट, हे आधी पाहावे लागेल. आपल्या वर्णनावरून कॅपच हलत असावी, आणि तसे असेल तर इम्प्लांट बहुधा शाबूत आहे. मात्र तिसऱ्यांदा नुसता स्क्रू आवळून घेऊ नका, कारण वारंवार ढिला होणारा स्क्रू पुढे तुटण्याची शक्यता बरीच असते.

हाडात बसतो तो इम्प्लांट, त्यावर अबटमेंट नावाचा जोडभाग आणि त्यावर कॅप, अशी ही रचना असते. अबटमेंटला इम्प्लांटशी धरून ठेवणारा स्क्रू आवळला की किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा ताण टिकतो तोवर चावण्याचा भार पूर्ण जोडावर पडतो; तो कमी झाला की तोच भार एकट्या बारीक स्क्रूवर येतो आणि हजारो वेळा वाकून धातू थकतो. म्हणून स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच (अबटमेंटच्या स्क्रूसाठी बहुधा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर) आवळावा लागतो. आवळल्यावर पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे दबून ताण थोडा उतरतो, त्यामुळे सुमारे १० मिनिटांनी पुन्हा त्याच मापाने आवळणे आवश्यक असते. घाईत हीच पायरी राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आता जोडाविषयी. एक्स्टर्नल हेक्समध्ये इम्प्लांटच्या माथ्यावर जेमतेम ०.७ मिलिमीटर उंचीचा षट्कोनी उंचवटा असतो. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये माणसावर टायटॅनियमचे इम्प्लांट वापरायला सुरुवात केली, तेव्हा सगळे दात गेलेल्या जबड्यात अनेक इम्प्लांट एकाच सांगाड्याने जोडले जात. तो षट्कोन मुख्यतः इम्प्लांट हाडात फिरवून बसवण्यासाठी होता. पुढे त्यावर एकेकटी दाढ बसवली जाऊ लागली, तेव्हा आडव्या भाराचा मोठा वाटा स्क्रूवर आला. नंतरच्या शंकूच्या आकाराच्या आतील जोडात अबटमेंट इम्प्लांटच्या आत खोलवर रुतते, भिंतींच्या घर्षणाने भार वाटला जातो आणि स्क्रू कमी ढिला होतो. तरीही जुना जोड टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. आतील जोडासाठी इम्प्लांट आतून पोकळ करावा लागतो, त्यामुळे कमी व्यासाच्या इम्प्लांटची मानेजवळची भिंत पातळ राहते आणि दाढेच्या भाराखाली तिथेच तडा जाऊ शकतो. स्क्रू बदलता येतो. तडकलेला इम्प्लांट मात्र बहुधा हाडातून काढावाच लागतो.

आपल्या बाबतीत खरे कारण शोधायला हवे. कॅप इम्प्लांटच्या मानाने फार रुंद आहे का, चावताना ती आधी टेकते का, आपण झोपेत दात खाता का, हे तपासून घ्या. इम्प्लांटभोवती नैसर्गिक दातासारखे अस्थिबंध (दाताला हाडाशी जोडणारे तंतू) नसल्याने जास्त दाब पडतो आहे हे लवकर जाणवत नाही. एक्स-रेमध्ये अबटमेंट पूर्ण टेकले आहे का आणि मानेभोवतीचे हाड खाली गेले आहे का, तेही दिसते. हाड खाली गेले की इम्प्लांटवरचा वाकवणारा भार वाढतो. जुना स्क्रू पुन्हा न वापरता त्याच कंपनीचा, त्याच प्रणालीचा नवा स्क्रू बसवायला सांगा आणि तोपर्यंत त्या बाजूने मुळीच चावू नका. स्क्रू आत तुटलाच, तर तुकड्यावरचा ताण गेलेला असल्याने अनुभवी हात तो बारीक टोकाने किंवा अल्ट्रासॉनिक उपकरणाने उलटा फिरवून बऱ्याचदा काढू शकतात. घाईने ड्रिल चालवून आतले आटे खराब झाले, तर चांगला इम्प्लांटही वाया जातो.

प्रश्न: पुण्यात बसवलेले दोन इम्प्लांट घेऊन मी नोकरीसाठी दुबईला जात आहे. सोबत काय ठेवावे?
– एक वाचिका

उत्तर: कंपनीचे व प्रणालीचे नाव, प्रत्येक इम्प्लांटचा व्यास व लांबी, जोडाचा प्रकार, आणि कॅप स्क्रूने बसवली आहे की सिमेंटने, हे लेखी घ्या. इम्प्लांटच्या वेष्टनावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर आपल्या डॉक्टरांच्या नोंदीत असेल, त्याचा फोटो काढा. अखेरचा एक्स-रेही मागा. स्क्रूचे डोके आणि त्याला लागणारा ड्रायव्हर प्रणालीनुसार बदलतो, आणि ही माहिती नसेल तर परक्या गावी साधा ढिला स्क्रू आवळायलाही कित्येक दिवस लागू शकतात.