गाडी चांगली येते, पण ड्रायव्हिंग टेस्टला हातपाय थरथरतात. दोनदा नापास झाले. शांत कसं राहायचं, तयारी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की क्लासची गाडी तुम्ही रोज व्यवस्थित चालवता, फक्त टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब शेजारी बसले की सगळं विसरायला होतं. एकच विचारते. त्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक आहे ना? मग गाडी तुम्हाला येते हे ठरवलं कुणी?

राग मानू नका. मीही दोनदा नापास झालेय, आणि तेही एसटी ड्रायव्हरची मुलगी असून. आमच्या आण्णांनी कराड-चिपळूण रूटवर, कुंभार्ली घाटात, अख्खी नोकरी काढली. दादाला त्यांनी अठरावं लागल्या लागल्या गाडी शिकवली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला कशाला? रिक्षा आहे की." ते वाक्य मी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. २०१४ साली, अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने मोटार ट्रेनिंग स्कूलला नाव घातलं.

एकवीस दिवसांचा क्लास, आल्टो. मास्तर मोबाईलवर बोलत बसायचे आणि गाडी झकास चालायची. सिग्नलला एकदाही बंद पडली नाही. मला वाटलं, रक्तातच आहे!

टेस्टच्या दिवशी मास्तर खाली उतरून झाडाखाली उभे राहिले. साहेब बसले, त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले, मांडीवर फाईल ठेवली. सपाटीवर कशीबशी गेले. चढावर थांबवून "आता घ्या पुढे" म्हणाले आणि गाडी बंद. परत बंद. तिसऱ्यांदा बंद. पुढच्या खेपेला बंद पडू नये म्हणून सगळा जीव ॲक्सिलरेटरवर, तर गाडी सरळ मागे. साहेब एवढंच म्हणाले, "उतरा." मागे लायनीत कॉलेजची पोरं हसत होती. तेव्हा कळलं की महिनाभर मी नुसतं स्टिअरिंग धरलं होतं, गाडी मास्तरांनी चालवली होती. माझे हातपाय घाबरट नव्हते, खरं तेच सांगत होते.

घरी दादाचं सुरू. "टेस्टबिस्ट सगळं नाटक असतं गं. एजंटला गाठ." त्याचं लायसन तसंच झालेलं. जीपमध्ये बसला, दुसऱ्या गिअरपर्यंत गेला, झालं. आण्णांनी मात्र पेपर खाली ठेवून विचारलं, "बंद पडली का मागं गेली?"

"आधी बंद पडली. दुसऱ्या वेळी मागं गेली."

"मग डावा पायच शिकला नाही तुझा."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दादाची गाडी काढली, तो झोपलेला असताना. पाण्याच्या टाकीजवळचा चढ. आण्णांनी गाडी मध्यावर थांबवायला लावली, हँडब्रेक ओढून घेतला आणि खाली उतरून मागच्या चाकाला चिकटून काडेपेटी ठेवली. परत येऊन बसले. "ही चिरडायची नाही. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही." हात म्हणजे पाय.

नीट वाचा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. चप्पल काढायची. पहिला गिअर. टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी सावकाश सोडत यायचा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, स्टिअरिंगला बारीक कंप येतो. तिथं पाय गोठवायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी ना पुढे ना मागे, लटकून राहते. ती जागा पायाला सापडली की मग हलका ॲक्सिलरेटर. ती न सापडताच रेस देणारे एक तर क्लच जाळतात, नाही तर मागच्याचा बंपर फोडतात.

पहिल्या दिवशी अकरा काडेपेट्या चिरडल्या. आण्णा काड्या रुमालात गोळा करायचे, वाया नको म्हणून. सहाव्या दिवशी पहिली पेटी शाबूत राहिली. शाबासकी वगैरे काही नाही. त्यांनी तीच पेटी उचलून विडी पेटवली.

बाकी तयारीचं म्हणाल तर कच्चं लायसन मिळून तीस दिवस झाले की टेस्टला जाता येतं म्हणून लगेच जायचं नसतं. कच्चं लायसन सहा महिने चालतं. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं, पण तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. तुमची तिसरी खेप आहे, म्हणून घाई करू नका. मधल्या दिवसांत क्लासची सोडून दुसरी, साधी गाडी मिळवा. शेजारी लायसनवाला माणूस आणि पुढे-मागे लाल एल हवाच. टेस्टच्या आदल्या दिवशी मैदानावर तासभर उभं राहून लोक कुठे चुकतात ते बघा. दुसऱ्याची गाडी बंद पडताना बघितली की निम्मी भीती तिथेच जिरते. नवी सँडल घालू नका.

शांत राहण्याचं म्हणाल तर मी काही शांतबिंत नव्हते. तिसऱ्या टेस्टलाही हात थरथरत होते. पण आण्णांनी एक सवय लावली होती. सीट, आरसे, बेल्ट, गिअर न्यूट्रल, चावी, याच क्रमाने, आणि प्रत्येक गोष्ट पुटपुटत करायची. मग मनात कंडक्टरची डबल बेल मारायची, टण टण. ती वाजल्याशिवाय एसटी हलत नाही. साहेब घाई करत असले तरी नाही. त्यांनी एकदा "चला की" म्हटलं, मी आरसा बघतच होते. चढावर डाव्या पायाने आपलं काम केलं. हातांना काय थरथरायचं ते थरथरू दिलं.

ज्यांच्याकडे सेन्सरवाला ट्रॅक आहे त्यांना यातलं थोडंच लागू पडेल. तिथे साहेबाची भीती नसते, पण दगडी कडेला चाक टेकलं की टेकलं, तेव्हा रिव्हर्सचा सराव वेगळा करा. दुचाकीचं मला विचारू नका. आणि मास्तर सगळेच तसले नसतात, काही जण पाय खरंच मागे ठेवतात. तुमचे मास्तर तसे असतील तर माझी पहिली दोन वाक्यं मागे घेते. छातीत धडधड टेस्टपुरतीच नसून एरवीही होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, काडेपेटीने ते जायचं नाही.

आता दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. जोतिबाच्या चढावर रविवारच्या गर्दीत तुझी गाडी मागे जाऊन त्या बिचाऱ्यांच्या इनोव्हावर आदळली, तेव्हापासून तू सगळ्या पाहुण्यांना सांगतोस की हँडब्रेकची केबल ढिली होती. पुढच्याच आठवड्यात तीच गाडी मी गॅरेजला नेली होती. केबल ठणठणीत आहे.