हवालदारसाहेबांना पळवण्याआधी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. शिरोळकडचे लष्करातले एक निवृत्त हवालदार तुझ्या भरतीच्या बॅचला येतात, डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार, सांगून व्यायाम करायला लावलाय, आणि तू त्यांना पोरांबरोबर सोळाशे मीटर पळवतोस. दुसऱ्या फेरीतच ते घाबरेघुबरे होऊन बसतात म्हणतोस. ते पळणं आधी थांबव.

छाती धडधडणं, दम लागणं, घाम फुटणं हे जोरात पळताना होतं आणि जिवावर बेतल्यावरही होतं. ज्याने गोळीबार सोसलाय त्याच्या अंगाला नुसती ती धडधडसुद्धा धोक्याची वाटते. व्यायामाचा खरा उपयोग इथंच आहे. ठोके वाढले, काही वाईट घडलं नाही, ठोके खाली आले. हे पुन्हापुन्हा अनुभवलं की धडधडीची धास्ती कमी होत जाते. पहिल्याच दिवशी पार दम काढलास तर ती पक्की होते. म्हणून विद्यापीठाच्या आवारात सपाटीवर चाला, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगाने. मध्ये थांबा, त्यांची नाडी त्यांनाच मोजू दे. टेंबलाईचा चढ पुढे बघू.

2015 साली ऑस्ट्रेलियात पीटीएसडीसाठी रुग्णालयात दाखल असलेल्या 81 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला 12 आठवडे ताकदीचे व्यायाम आणि चालणं दिलं. त्यांची लक्षणं नुसते उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. 'उपचारांच्या जोडीला' हे नीट लक्षात ठेव, कारण आपल्या कोल्हापुरात कुठल्याही दुखण्यावर तालमीचं औषध सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. लाल मातीवर माझा जीव आहे, तरी 'गोळ्या सोडा, जोर मारा' असं कुणी त्यांना सांगू लागलं तर तू आडवा हो. उलट गोळ्या कुठल्या आहेत ते डॉक्टरांना विचारून घे. वाईट स्वप्नांसाठी काहींना प्राझोसिन देतात. त्याने रक्तदाब उतरतो, बैठकीतून झटकन उठताना चक्कर येऊ शकते.

शिट्टी त्यांच्या कानाशी वाजवू नकोस. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नकोस. गणपतीत साउंड सिस्टीमच्या भिंती उभ्या राहतात आणि दिवाळीत फटाके असतात, तेव्हा वेळ आणि जागा त्यांना विचारूनच ठरव. सीमेवर काय घडलं ते खोदून विचारू नकोस. आपणहून बोलले तर मधे न बोलता ऐक. जगणं नको झालंय असं काही कानावर आलं तर घरच्यांना लगेच सांग आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्यासमोरच लाव. तो रात्रीही चालू असतो.

एखाद्या दिवशी आले नाहीत तर त्याच दिवशी फोन कर. टाळणं हे या आजाराचंच लक्षण आहे, आळस समजून चिडू नकोस.

रविवारी सकाळी मी रंकाळ्यावर असतो. त्यांची तयारी असेल तर घेऊन ये, तिघं मिळून चालू.

तुझा,
सर