बहिणीच्या अनाथ मुलाला दत्तक घ्यावे की केवळ पालकत्व घ्यावे?

बहीण आणि मेहुणे अपघातात गेले, सात वर्षांचा भाचा आपल्या घरी आहे, त्याला दत्तक घ्यावे की न्यायालयाकडून पालकत्व घ्यावे, आणि ‘पैशासाठी केले’ असे भावकी म्हणेल त्याचे काय, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नावर मी अधिकाराने लिहू शकतो, कारण तोच आरोप माझ्या आत्यावर झाला आणि तो करणाऱ्यांत मीही होतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. विसर्जनानंतर देवळापुढच्या पारावरच झोपी गेलो म्हणून मी वाचलो; आईवडील माळवदाखाली गेले. निलंग्याला शिवणकाम करणारी माझी विधवा आत्या तिसऱ्या दिवशी मला घेऊन गेली. भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची सोय पुण्याजवळ वाघोलीला झाली होती, तेथे बाराशे मुले गेली आणि पुढे चांगली शिकलीही; मलाही पाठवावे असे सर्वांचे मत होते. आत्या एवढेच म्हणाली, “रात्री दचकून उठतो, तेव्हा ओळखीचा हात लागतो त्याला.”

माझ्या नावे अनुदानाची मुदत ठेव होती आणि चार एकर कोरडवाहू जमीन होती. चुलत्यांना जमीन विकायची होती. आत्याने १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली लातूरच्या जिल्हा न्यायालयातून पालकत्व मिळवले. अशा पालकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याची जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, आणि तिला नेमके तेच हवे होते. पुढे २००१ साली पदविकेचे शुल्क भरण्याची वेळ आली. परवानगी काढून ठेव मोडता आली असती, परंतु तिने पाटल्या विकल्या. ते मला ठाऊक नव्हते. भावकीत ऐकलेलेच मी तिच्या तोंडावर बोललो, “माझे पैसे दाबून बसलीस.” तिने उत्तर दिले नाही, ताट वाढले. अठरा पूर्ण झाल्यावर तिने पेटीतून पासबुक आणि हिशेबाची वही काढली. वहीत न्यायालयाच्या फेऱ्यांचे एसटीभाडेही ‘स्वतःकडून’ म्हणून मांडलेले होते. चुलत्यांपुढे ती वही धरली, तेव्हा त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

माझे स्पष्ट मत असे की, दत्तकाची घाई करू नये. मुलाच्या नावामागे त्याच्या बापाचे नाव राहू द्यावे. त्याने माया कमी होत नाही. अर्थात, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार दत्तकापूर्वी त्याच्याकडे आलेली मालमत्ता त्याचीच राहते, त्यामुळे दत्तक घेणारा लोभीच असतो असे मला म्हणायचे नाही. आपल्याला मुलगा असेल तर त्या कायद्याने दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्यातील नातेवाइकांच्या दत्तकाची वाट निराळी आहे, ती वकिलाकडून समजून घ्यावी. हिशेबाची वही मात्र आजच सुरू करावी आणि भाच्याच्या हाती लागेल अशा जागी ठेवावी. माझ्या आत्याने ती पेटीच्या तळाशी ठेवली होती.