एकविसावा आठवडा लागला, तरी बाळाशी नातं जुळल्यासारखं वाटत नाही. हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की पहिलीच खेप आहे, हालचाल म्हणावी तशी कळत नाही, आणि जो तो "बाळाशी बोलतेस ना?" असं विचारतो तेव्हा तुम्हाला आतून काहीच वाटत नाही. आपण आई म्हणून कमी पडणार, ही भीती त्यातूनच आलीय. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे. पण पहिल्या वेळी मीही अगदी इथेच होते, म्हणून लिहितेय.

आधी हालचालीचं. बाळ सातव्या-आठव्या आठवड्यापासून हलत असतं, सोनोग्राफीत दिसतंही. पण एवढ्याशा जिवाची हालचाल आईपर्यंत पोचत नाही. ती साधारण १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान कधीतरी जाणवू लागते, आणि पहिलटकरणीला बहुधा विसाव्यानंतरच. दुसऱ्या खेपेला लवकर कळतं, कारण काय ओळखायचं ते माहीत असतं. मला पहिल्या वेळी बाविसावा उजाडला. त्याआधी आठ-दहा दिवस जे होत होतं, त्याला मी चक्क गॅस समजत होते. सगळ्या जणी फुलपाखरांच्या गोष्टी सांगतात. मला तर डोळा लवतो ना, तसं ओटीपोटात खोल काहीतरी लवल्यासारखं वाटायचं. बस, इतकंच. त्यात माझी वार पुढच्या बाजूला होती, रिपोर्टात 'अँटेरियर प्लॅसेंटा' लिहिलेलं. म्हणजे बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये उशी ठेवल्यासारखं. असं असलं तर हालचाल उशिरा आणि दबकी कळते.

आता मायेचं. मला ती आपोआप आली नाही. पोटावर हात ठेवून "माझ्या सोन्या" वगैरे म्हणायचा प्रयत्न केला, पण नाटक केल्यासारखं वाटून गप्प बसले. कोण आहे हेच माहीत नसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय! मग ते सोडून दिलं आणि नुसतं लक्ष ठेवायला लागले. कधी हलतं, कधी झोपतं, कुठे टेकतं. दिवसभर मी चालती-फिरती असले की सगळं शांत, आणि रात्री पाठ टेकली रे टेकली की धिंगाणा. पोटातलं बाळ एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटं झोपतं, सहसा दीड तासाच्या वर नाही, हे नंतर कळलं आणि त्या मधल्या शांततेची भीती गेली. एकदा ठरावीक तालात टुकटुक सुरू झाली, पाच-सात मिनिटं चालली. उचकी! पोटात कुणालातरी उचकी लागलीय, या कल्पनेने मी एकटीच हसत बसले. माझं नातं जर कुठे सुरू झालं असेल, तर तिथे.

सातव्या महिन्यात आमचा एक खेळच झाला. ती उजव्या बरगडीखाली टाच रोवायची (मुलगी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं), मी बोटाने हळूच दाबायचे, ती परत ढकलायची. पुढे वाचनात आलं की मेक्का क्रॅनली या नर्सिंगच्या संशोधिकेने १९८१ साली आई आणि गर्भातलं बाळ यांच्यातली जवळीक मोजायला जी प्रश्नावली केली, तिच्यात नेमकं हेच विचारलंय: बाळाने उलट ढकलावं म्हणून तुम्ही त्याला बोट लावता का? म्हणजे माझा रिकामटेकडेपणा शास्त्रातही मोजला जात होता. अशा पाहण्यांत ही जवळीक महिने भरत जातील तशी वाढताना दिसते. एकविसाव्या आठवड्यात ती नसणं यात नवल काही नाही.

आणि बोलण्याचा ताण तर घेऊच नका. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. तुमचा आवाज त्याला बाहेरून ऐकू येतोच, शिवाय तुमच्या शरीरातून आतूनही पोचतो. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग केला होता: चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू यायचा, नाहीतर दुसऱ्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशीच लय धरली. ही ओळख पटवायला मुद्दाम अंगाई गायची गरज नाही. तुम्ही फोनवर कुणाशी भांडलात तरी ते तुमचाच आवाज ऐकतंय.

मात्र काहीच न वाटणं फक्त बाळापुरतं नसेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरोदरपणातही डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत.

या लक्ष ठेवण्याचा एक उपयोग मला चौतिसाव्या आठवड्यात झाला. एका संध्याकाळी तिची नेहमीची वेळ टळून गेली, तरी सगळं गप्प. जवळच्याच एकीने समजूत घातली, "आता जागा पुरत नाही, शेवटी शेवटी हालचाल कमी होतेच." हे चूक आहे. लाथांऐवजी वळणं, ढकलणं जास्त जाणवतं, पण हालचाल शेवटपर्यंत कमी होता कामा नये. मी डाव्या कुशीवर पडून मोजत राहिले. दोन तासांत दहा व्हायला हव्यात असा ढोबळ हिशेब सांगितला होता. चारच झाल्या. रात्रीच दवाखाना गाठला, पोटाला पट्टा बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची नोंद घेणारी तपासणी, केली. सगळं ठीक निघालं. उगाच आलो म्हणून मी ओशाळले, तर सिस्टर म्हणाल्या, "शंभरदा उगाच या." तुम्हीही पुढे कधी नेहमीपेक्षा कमी वाटलं तर सकाळची वाट बघू नका. आणि घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून स्वतःची समजूत काढू नका. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहेच, असं नसतं.

तुम्हाला अजून ही मोजामोजी लागू नाही, ती साधारण २८ आठवड्यांनंतरची. सध्या एवढंच करा: वार कुठे आहे ते सोनोग्राफीच्या रिपोर्टात बघा, रात्री आडवं झाल्यावर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा, आणि २४ आठवडे भरेपर्यंत काहीच जाणवलं नाही तर डॉक्टरांकडे जा. डोळा लवल्यासारखं काही झालं, तर इथे येऊन सांगा.