मुलीसाठी काचेच्या पेटीत कासव ठेवावं का?

तुम्ही विचारलंय, सात वर्षांच्या मुलीला प्राणी जवळून बघता यावा म्हणून दोन फुटी काचपेटीत माती-झाडं लावून छोटं कासव ठेवलं तर चालेल का. मी सांगेन, कासव नको, अळी ठेवा.

दुकानात मिळतं ते लाल कानांचं कासव मूळचं अमेरिकेतलं. आज बिस्किटाएवढं दिसतं, पण मादी जवळजवळ फूटभर वाढते आणि वीस-तीस वर्षं जगते. पेटी पुरेनाशी झाली की लोक ते तळ्यात सोडून येतात, मग तिथल्या देशी कासवांची अडचण होते. आपलं चांदणी कासव घरात ठेवणं तर कायद्याने गुन्हा आहे.

त्यापेक्षा कुंडीतल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची कोवळी पानं उलटसुलट करून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं दिसेल, किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी. ती लिंबाच्या फुलपाखराची. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. हलकंच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. माझी भाची हे बघून किंचाळली होती, आणि लगेच पुन्हा दाखव म्हणाली.

पेटीला काच नको. पहिल्या वेळी मी झाकणाची बरणी घेतली. ओल कोंडली, लेंड्यांवर बुरशी आली आणि दोन अळ्या मेल्या. आता मच्छरदाणीच्या कापडाची चौकट अख्ख्या कुंडीवर बसवते. बाजारातला कढीपत्ता अजिबात घालू नका, त्यावर फवारणी असते. धुऊनही भरवसा नाही.

अळीने खाणं सोडलं, पातळ विष्ठा टाकली आणि सैरावैरा फिरू लागली तर घाबरू नका, ती कोषासाठी जागा शोधतेय. तिरप्या सुक्या काटक्या आधीच रोवून ठेवा. चौकटीची उंची मात्र इथे ठरते. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात. लटकून ते पसरायला खाली मोकळी जागा नसेल तर तसेच वाळतात, आणि ते कधीच उडत नाही.

गंमत म्हणजे, 1829 च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंग बाहेर येताना बघायचा म्हणून त्याचा कोष ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत नेचं उगवलं आणि त्यातूनच त्यांना झाडं ठेवायच्या काचपेट्या सुचल्या.

उन्हाळ्यात कोष साधारण आठ-दहा दिवसांत फुटतो, बहुधा सकाळी. त्या सुमारास मुलीला लवकर उठवा. पंख सुकेपर्यंत तासभर हात लावू देऊ नका. मग कापड तिलाच उचलू द्या, आणि कुंडी परत गॅलरीत ठेवा. नवी पालवी आली की अंडी शोधायला पुन्हा तिथेच बघा.